जिन्यातले देव

अंधेरी पूर्वेला स्टेशनाजवळच्या एखाद्या जुन्या कमर्शियल इमारतीत शिरून पाहा. तळमजल्यावर झेरॉक्स, पहिल्यावर सीए, दुसऱ्यावर क्लासेस, तिसऱ्यावर परदेशी नोकऱ्या मिळवून देणारं ऑफिस. लिफ्टवर 'बंद आहे'ची पाटी, म्हणून जिना. पहिल्याच वळणावर, जमिनीपासून वीत-दोन वीत उंचीवर गणपती भेटतो. त्याच्या शेजारी साईबाबा, मग क्रूस, मग मक्का-मदिना, गुरू नानक, आणि कोपरा वळल्यावर महावीर. सगळे चकचकीत टाइल्सवर, पांढऱ्या सिमेंटात पक्के बसवलेले. ज्यांच्याकडे पाय करून झोपलं तरी आजी ओरडायची, ते इथे चपलांच्या उंचीवर उभे आहेत. नेमणूक कशासाठी, तर येणाऱ्या-जाणाऱ्याने कोपऱ्यात पिचकारी मारू नये म्हणून.

सर्वधर्मसमभाव इतका तंतोतंत पाळलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. एकच माप, एकच रांग, एकच हुद्दा. डॉ. श्रीराम लागूंनी 'देवाला रिटायर करा' असं लिहिलं तेव्हा महाराष्ट्रात केवढी खळबळ उडाली होती. उपनगरांनी त्यावर वाद घातला नाही. रिटायर झालेल्या माणसाचं इथे जे होतं तेच त्यांनी देवाचं केलं, सिक्युरिटीत लावून टाकलं.

माणसाला चांगलं वागायला धर्म लागतो का, हा प्रश्न फार जुना. देवांना आवडतं म्हणून एखादी गोष्ट चांगली ठरते, की ती चांगली असते म्हणून देवांना आवडते, असं सॉक्रेटिस एका माणसाला विचारतो आणि त्या बिचाऱ्याला शेवटी काहीतरी काम आठवून निघून जावं लागतं. प्लेटोने तो सगळा संवाद लिहून ठेवला आहे. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत हाच विषय वार्षिक सभेत, 'आयत्या वेळचे विषय' या सदरात आला. आधी टाकीची सफाई, मग ए विंगची गळती, मग नीतिमत्ता, असा क्रम होता.

'येथे थुंकू नये' ही पाटी लावून झाली होती. तिचा उपयोग लोकांनी नेम धरायला केला होता. कॅमेरे लावावेत तर खर्च, वर दरवर्षीची एएमसी. तेव्हा कुणीतरी टाइल्स सुचवल्या. देवांना वीज लागत नाही, पावसात ते बंद पडत नाहीत आणि फूटेज वर परस्पर तपासलं जातं. ठराव जवळजवळ मंजूर झाला होता, इतक्यात बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी हात वर केला. "पण मला सांगा, आपल्याकडे थुंकतं कोण?" सभेत शांतता. मग सगळ्यांचं एकमत झालं, की आपल्यापैकी कुणी नाही. कुरिअरवाले, प्लंबर, रंगारी, पार्सल आणणारी पोरं. आपल्याला काय, आपण सुशिक्षित. टाइल्स आपल्यासाठी नाहीतच, त्यांच्यासाठी आहेत. तंबाखूच्या पुडीसाठी गुपचूप खाली जाणारे दोन सभासदही यावर जोरजोरात माना हलवत होते.

मला तेव्हापासून वाटतं की या प्रश्नाची खरी गोम इथे आहे. नीतीसाठी धर्म लागतो असं म्हणणाऱ्याला सहसा स्वतःची काळजी नसते. मला नाही हो, पण लोकांना लागतो, असं त्याचं म्हणणं. व्हॉल्तेरचंही साधारण हेच होतं. त्याची स्वतःची चर्चशी आयुष्यभर भांडणं, पण नोकराने, शिंप्याने आणि वकिलाने देव मानलेला त्याला बरा वाटे, कारण मग आपण जरा कमी लुबाडले जाऊ. आमच्या सोसायटीत असता तर चेअरमन बिनविरोध झाला असता. आता तो शिंपीही घरी जाऊन गिऱ्हाइकांबद्दल हेच म्हणत असणार, हे त्याच्या लक्षात आलं नसावं.

टाइल्स लागल्या. थुंकणं थांबलं का? टाइलपुरतं थांबलं. डाग दोन फूट सरकले. गणपती आणि साईबाबा यांच्यामध्ये जी मोकळी भिंत राहिली होती ती महिन्याभरात रंगली. पोलीस स्टेशनांसारखी देवांचीही हद्द ठरलेली असते, हे आम्हाला तेव्हा कळलं. मग मधल्या जागेत आणखी टाइल्स आल्या. एका सकाळी गणपतीला कुणीतरी झेंडूचं फूल चिकटवलं. दुसऱ्या आठवड्यात उदबत्तीचं घर. जिना झाडणाऱ्या मावशी मात्र पहिल्या दिवसापासून नाखूश. "आधी नुसती भिंत पुसायचे," त्या म्हणाल्या, "आता देवाच्या अंगावर उडालेलं पुसायला लागतं. पाप कुणाचं आणि पुसायचं कुणी?"

या प्रकरणाची कोर्टातही तड लागलेली आहे. देवादिकांची चित्रं अशी भिंतींवर लावायला बंदी घाला, त्याने भावना दुखावतात, अशी याचिका दिल्ली उच्च न्यायालयात गेली होती. डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. म्हणजे देवांची ड्यूटी चालू. आपल्याकडे माणसांनी केलेले नियमही आहेतच. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने भिंतीवरचे निम्मे डाग अस्तित्वातच नाहीत. रस्त्यावर थुंकलं तर महापालिकेचा दंड. तो भरताना माणूस ज्या तळमळीने नीतीवर बोलतो, तसं एरवी क्वचित ऐकायला मिळतं.

टाइल्समागचं शास्त्र इंग्लंडात तपासून झालं आहे. न्यूकॅसल विद्यापीठातल्या चहा-कॉफीच्या खोलीत पैसे टाकायला एक डबा ठेवलेला असे. कुणी बघणारं नाही, ज्याने त्याने आपापले टाकायचे. संशोधकांनी दरपत्रकावर एका आठवड्यात फुलांचं चित्र लावलं, दुसऱ्या आठवड्यात रोखून बघणाऱ्या डोळ्यांचं. डोळ्यांच्या आठवड्यात डब्यात जवळजवळ तिप्पट पैसे जमले. हा २००६ सालचा प्रयोग. पुढे बऱ्याच ठिकाणी तसेच प्रयोग झाले तेव्हा डोळ्यांची जादू इतकी चालली नाही. मला यात नवल वाटलं नाही. डोळे छापील आहेत हे माणसाला कळायला थोडे दिवस लागतात, आमच्या जिन्यात एक महिना लागला.

पण मग ज्यांना बघणाऱ्या डोळ्यांची गरजच वाटली नाही, त्यांचं काय? मराठी माणसाला यासाठी लांब जायला नको. गोपाळ गणेश आगरकर देव आहे की नाही हे कळण्यासारखं नाही असं म्हणणारे, आणि तरीही, खरं तर म्हणूनच, नीतीच्या बाबतीत भलतेच कडक. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणातल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळकांबरोबर त्यांनी मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. पुण्याच्या सनातन्यांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. खांदा देणारे सगळे अर्थातच धर्मनिष्ठ. मोठ्या पगाराच्या मागे लागणार नाही असं त्यांनी शिकत असतानाच आईला कळवून टाकलं होतं आणि ते शब्दशः पाळलं. १८९५ मध्ये चाळिशीही न गाठता ते गेले, तेव्हा अंत्यसंस्काराचे पैसे त्यांनी स्वतःच पुरचुंडीत बांधून ठेवले होते असं सांगतात. कुणाला तोशीस नको. हा माणूस आमच्या सोसायटीत असता तर थकबाकीदारांच्या यादीत त्याचं नाव कधीच लागलं नसतं. मात्र सभेला तो आला असता तर यादीतल्या प्रत्येकाला घाम फुटला असता, आणि पुढच्या निवडणुकीत त्याला कुणी कमिटीवर घेतलं नसतं.

त्या घराण्यातले एक स्नेही आम्हाला बोरिवलीत लाभले आहेत. घराणं म्हणजे विचारांचं. देव मानत नाहीत, नवस मानत नाहीत, मुहूर्त मानत नाहीत. रिक्षावाल्याने चुकून दहा रुपये जास्त परत केले तर त्याच्यामागे धावतात. माणूस सोन्यासारखा. पण नास्तिकांनाही आपलं एक सोवळं असतं, ते फारसं कुणी लिहीत नाही. सत्यनारायणाचा शिरा हातावर घेताना ते 'हा मी प्रसाद म्हणून नाही, शिरा म्हणून खातो आहे' असं जाहीर करतात. दुसऱ्यांदा घेतानाही करतात.

मला विचाराल तर नीती बघायची असेल तर देऊळ किंवा देवळाचा विरोधक यांच्यापेक्षा लोकलचा डबा बरा. तीन माणसांच्या बाकावर चौथ्याला टेकायला जागा द्यायची, हे कुठल्या धर्मग्रंथात लिहिलंय? रेल्वेच्या नियमांतही नाही. तरी चौथी सीट मागितली की मांड्या सरकतात. मागणारा नुसतं हाताने 'थोडं' असं करतो, बोलावंही लागत नाही. त्याहून थोर प्रकार 'कुठे उतरणार?' हा. उभ्या माणसाने बसलेल्याला विचारायचं. तो म्हणाला घाटकोपर, की ती जागा याची झाली. ना कागद, ना साक्षीदार. कुर्ला जातं, विद्याविहार जातं, घाटकोपरला तो उठतो आणि बाजूला तीन धट्टेकट्टे उभे असताना वाट करून त्याच सुकड्या माणसाला बसवतो, ज्याला शब्द दिला होता. दोघांना एकमेकांचं नाव माहीत नाही, धर्म तर नाहीच. असा करार मोडला तर वर कुणी जाब विचारणार नाही, पण उद्या पुन्हा हीच आठ बावीस पकडायची आहे.

या नीतीलाही कुंपण असतं बरं का. पश्चिम रेल्वेवर विरार फास्टमध्ये बोरिवलीला उतरायच्या बेताने कुणी चढला तर काय होतं, ते ज्याच्यावर गुदरलं त्याला विचारा. आपसांत उठून एकमेकांना आळीपाळीने बसायला देणारे, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं तर डब्यात पेढे वाटणारे, टाळ घेऊन अभंग म्हणणारे तेच सज्जन दारात असे काही उभे राहतात, की बोरिवलीचा माणूस विरार बघून येतो. चांगुलपणा असतो, पण तो 'आपल्या' माणसांत. धर्माने हे वर्तुळ मोठं करावं अशी अपेक्षा असते. कधी तो करतो, कधी त्यालाच तटबंदी घालतो. याच उपनगरांनी १९९२-९३ चा दंगलींचा हिवाळा पाहिला आहे आणि २६ जुलै २००५ ची रात्रही. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या रात्री अनोळखी माणसांसाठी चहाची पातेली चढली, मशिदी, देवळं, गुरुद्वारे, शाळा सगळी दारं उघडी झाली. माणसं तीच होती. देवही तेच होते.

कुणी बघत नसताना ही माणसं काय करतात? रीडर्स डायजेस्टने २०१३ मध्ये जगातल्या सोळा शहरांत प्रत्येकी बारा पाकिटं मुद्दाम पाडून ठेवली होती, आत पैसे आणि फोन नंबर. हेलसिंकीत अकरा परत आली. दुसरा नंबर कुणाचा, तर आपला: मुंबईत नऊ. फिनलंडची बहुतेक जनता रविवारी चर्चची पायरी चढत नाही, आणि आपण मंगळवारी सिद्धिविनायकाला पहाटेपासून रांग लावतो. दोघांमध्ये फक्त दोन पाकिटांचा फरक. आमच्या शेजारच्या काकूंना मी हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग त्या तीन पाकिटांचं काय झालं?"

काकूंचा विषय निघालाच आहे तर कबुतरांचाही काढतो. घाटकोपर आणि मुलुंडला राहायचं आणि कबुतरांवर मत नाही, असं चालत नाही. जीवदया हा इथला मोठा धर्म, आणि तो नुसता बोलण्यापुरता नाही. स्वस्त दवाखाने, पांजरपोळांना मदत, उन्हाळ्यात रस्त्यावर ताकाचं वाटप, हे सगळं त्या दयेतूनच आलेलं मी रोज पाहतो. त्याच दयेने आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाभी सकाळी खिडकीच्या छज्ज्यावर ज्वारी टाकतात. पुण्य त्यांच्या खात्यावर जमा होतं आणि पिसं व विष्ठा काकूंच्या वाळत घातलेल्या साड्यांवर. काकूंना दम्याचा त्रास, डॉक्टरांनी कबुतरांपासून लांब राहायला सांगितलंय. लांब म्हणजे कुठे, डोंबिवलीला? भाभी वाईट आहेत का? मुळीच नाहीत. काकू दवाखान्यात होत्या तेव्हा चार दिवस डबा भाभींनीच पोचवला. पण छज्ज्यावर दाणे टाकताना त्यांना कबुतरं दिसतात, खालची खिडकी दिसत नाही.

२०२५ मध्ये हे भांडण सोसायटीच्या बाहेर पडलं. जुलैत सरकारने मुंबईतले एक्कावन्न कबुतरखाने बंद करायचं जाहीर केलं, उच्च न्यायालयात प्रकरण गेलं, दादरच्या कबुतरखान्यावर महापालिकेने ताडपत्री घातली आणि ऑगस्टात जमावाने ती फाडली. अहिंसेच्या बाजूने झालेली ही धक्काबुक्की सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. पुढे तोडगा म्हणून थोड्या ठिकाणी परवानगी मिळाली: अंधेरीत लोखंडवालाच्या मागे, मुलुंड-ऐरोली चेकनाक्याकडे, बोरिवलीत गोराईला, वरळीत जलाशयापाशी. वेळ सकाळी सात ते नऊ. पुण्याला इतकं काटेकोर टाइमटेबल चित्रगुप्तानेही लावलं नव्हतं. भाभींना चेकनाका लांब पडतो. सध्या त्या छज्ज्याऐवजी गच्चीवर दाणे टाकतात, आणि काकूंच्या साड्या आता घरात पंख्याखाली वाळतात. ठराव कुठलाच झालेला नाही.

डॉ. आंबेडकरांनी या गुंत्यातून वेगळाच मार्ग काढला. माणसांच्या समाजाला धर्म हवा, हे त्यांना मान्य होतं. पण इतर धर्मांत जी जागा देवाची, ती बुद्धाच्या धम्मात नीतीची आहे अशी त्यांची मांडणी. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९५७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. देव नाही, तरी धम्म आहे. असं काही चालू शकतं का, अशी शंका घेणाऱ्यांनी बोरिवलीला उतरून राष्ट्रीय उद्यानातून वर कान्हेरीला जावं. ते हजाराहून जास्त वर्षं चाललं होतं. शंभराहून अधिक लेणी डोंगरात खोदलेली, बहुतेकांच्या दाराशी पाण्याचं टाकं. भिंतींवर ब्राह्मी लेख आहेत आणि ते वाचले तर तिथे आपलीच माणसं भेटतात: कल्याणचा सोनार, लोहार, सोपाऱ्याचे व्यापारी. कुणी टाकं खोदून दिलं, कुणी लेणं, कुणी कायमची ठेव ठेवली की तिच्यातून भिक्षूंना चीवर आणि पादत्राणं मिळावीत. मुद्दल तसंच राहणार, व्याजावर धर्म चालणार. मुंबईच्या मातीत फिक्स्ड डिपॉझिट इतकं जुनं आहे. आणि हो, प्रत्येकाने आपलं नाव मात्र दगडात कोरून घेतलं आहे.

एका शनिवारी काकू आणि ते बोरिवलीचे स्नेही अशा दोघांना मी तिथे नेलं. पावसाळा नुकताच संपला होता, टाकी काठोकाठ. काकू म्हणाल्या, पुण्य मिळावं म्हणून त्या सोनाराने खोदलं असणार. स्नेही म्हणाले, नाव कोरायला जागा मिळावी म्हणून. बराच वेळ त्यांची जुंपली होती. आजूबाजूला माकडं. काकूंनी मारुतीचा वार म्हणून केळी आणली होती, पण 'माकडांना खायला देऊ नये' ही पाटी फाटकापाशीच वाचल्यामुळे त्या पिशवीला गाठ मारून बसल्या होत्या. नियम म्हणजे नियम. एवढ्यात मागून शिट्टी वाजली. गार्ड धावत आला. बघतो तर स्नेह्यांच्या हातात सोललेलं केळं आणि पुढ्यात माकडाचं एक पिल्लू.

"ओ काका, शनिवार आहे म्हणून द्यायचं नसतं," गार्ड म्हणाला. "मारुतीला सांगा, सरकारी नियम आहे."

स्नेह्यांचा चेहरा लालेलाल. दंडाचं त्यांना काही नव्हतं, पण हा आरोप! "अहो, मी देव मानत नाही," ते म्हणाले. "शनिवारही मानत नाही."

"मग दिलं कशाला?"

गेली चाळीस वर्षं त्यांनी भल्याभल्यांना वादात गप्प केलेलं मी पाहिलं आहे. ते गार्डकडे बघत राहिले, मग पिल्लाकडे.

"भूक लागली होती हो त्याला," ते म्हणाले.

गार्डने शिट्टी खिशात टाकली आणि पावतीपुस्तक काढलं.